हॅलोला अर्थ नाही, तेच बरं

१ ऑक्टोबर २०२२ ला महाराष्ट्र शासनाने एक शासन निर्णय काढला. शासकीय आणि अनुदानित संस्थांतल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी फोन आल्यावर 'हॅलो' न म्हणता 'वंदे मातरम्' म्हणावं, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी, गांधी जयंतीला, वर्ध्यात त्या मोहिमेची सुरुवातही झाली. कारण दिलं होतं ते असं, की हॅलो हे पाश्चात्त्यांचं अनुकरण आहे, त्या शब्दाला काही विशिष्ट अर्थ नाही आणि त्यातून आपुलकी वाटत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या एका जुन्या सहकारिणीचा फोन आला. सवयीनं मी हॅलो म्हटलं, तर ती म्हणाली, "जपून. आपल्या भाकरीवर बंदी आलीय." आम्ही दोघी टेलिफोन खात्यातल्या. माझी पहिली चौदा वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये बोर्डावर गेली. त्यामुळे हॅलो या शब्दावर मला थोडं बोलायचा हक्क आहे असं मी समजते. आणि पहिल्यांदाच सांगून टाकते, की शासनाचं म्हणणं खरं आहे. हॅलोला अर्थ नाही. माझं भांडण आहे ते त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी.

आमचा बोर्ड हाताचा होता. गावात कुणी फोनचं हँडल फिरवलं, की बोर्डावर त्याच्या नंबरचं बारीक झाकण खट्‌कन पडायचं. मग त्या भोकात कॉर्ड लावायची आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." ट्रंक, म्हणजे बाहेरगावचा कॉल, लावायचा असला की पुढच्या एक्स्चेंजला उठवायचं: "हॅलो परभणी... हॅलो परभणी..." रात्री दोन वाजता पावसात लाइन खरखरत असली तर हे पाच-पाच मिनिटं चालायचं. पलीकडे कोण ड्युटीवर आहे ते माहीत नसायचं. बाई की बुवा, थोरला की धाकटा, काहीच नाही. तिकडून कधीतरी विहिरीच्या तळातून आल्यासारखं "हॅलो" यायचं आणि मग कळायचं, की माणूस आहे.

आता विचार करा, हॅलो नसतं तर मी काय म्हटलं असतं? मराठीत तोंड उघडण्याआधी आपल्याला समोरचा माणूस कोण ते ठरवावं लागतं. अरे, अगं, अहो, काय रे, काय हो, दादा, मावशी, साहेब, यातलं एक निवडल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही. तू म्हणायचं की तुम्ही म्हणायचं हा प्रश्न तर पहिल्या क्रियापदातच येऊन उभा राहतो. समोर माणूस दिसत असला तर हे आपण नकळत करतो. त्याचं वय दिसतं, कपडे दिसतात, पायातली चप्पल दिसते. फोनवर काही दिसत नाही. अंधारात आधी हाक मारायची आणि कोण आहे ते मग ठरवायचं, अशी सोय लागते. मुंबईला १८८२ साली पहिलं एक्स्चेंज निघालं तेव्हापासून आपण ती सोय हॅलोकडून करून घेत आलो. त्याच बोर्डावर अडतवाला असायचा, डॉक्टर असायचे, साखर कारखान्याचे चेअरमन असायचे आणि पोस्टात येऊन घाबरत रिसीव्हर उलटा धरणारा सालगडीही असायचा. "हालो, हालो, कोन बोलतंय?" चेअरमनही हॅलोच म्हणायचे. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी त्या दोघांच्या तोंडी पहिला शब्द एकच असल्याचं मी पाहिलेलं नाही.

या शब्दाची जन्मकथा म्हणून जी गोष्ट मोबाइलवर फिरते, ती आधी बाजूला करू. ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं आणि त्यानं पहिल्या फोनवर तिला हाक मारली, ही ती गोष्ट. ती शुद्ध थाप आहे. बेलचं लग्न जुलै १८७७ मध्ये मेबल हबर्डशी झालं. लहानपणीच्या तापात मेबलचं ऐकणं गेलं होतं. फोनचा शोध लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोला फोन करून काही उपयोग नव्हता, ही खरी गोष्ट त्या खोट्या गोष्टीपेक्षा किती चटका लावणारी आहे! पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

हॅलोची शिफारस केली ती एडिसननं. १५ ऑगस्ट १८७७ ला (तारखेचा योगायोग पाहा) त्यानं पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलं, की फोनला बोलावण्याची घंटी लावायची गरज पडणार नाही, 'हॅलो' दहा-वीस फुटांवरून ऐकू जातं. म्हणजे एडिसनच्या मनात हॅलो हा नमस्कार नव्हताच. तो घंटीऐवजी वापरायचा आवाज होता. त्याआधीही इंग्रजीत हॅलो, हॅलू, होला अशा हाका होत्याच. शिकारी कुत्र्यांना हाकारायला, नदीपलीकडच्या नावाड्याला ओरडून बोलवायला. बेलला स्वतःला हॅलो आवडत नसे. त्यानं खलाशांची हाक सुचवली होती, 'अहॉय'. तो जन्मभर तेच म्हणत राहिला. त्याचं चाललं असतं तर महाराष्ट्रात फोनवर सगळ्यांनी सगळ्यांना 'अहो' म्हटलं असतं आणि किती नवरे उगीचच दचकून उठले असते.

अमेरिकेत न्यू हेवनला १८७८ साली फोनधारकांसाठी जी पुस्तिका निघाली, तिच्यात बोलणं कसं सुरू करायचं आणि कसं संपवायचं ते छापलं होतं. सुरुवात खणखणीत, आनंदी हॅलोनं आणि शेवट 'दॅट इज ऑल' या शब्दांनी. शेवटचं कुणी ऐकलं नाही. आपण तर मुळीच नाही. आपण अजून "चला, ठेवते" म्हणतो, "बरं, ठेवू का?" म्हणून परवानगी मागतो आणि त्यानंतर आणखी दहा मिनिटं बोलतो. फ्रेंच लोकांनी मात्र एक शहाणपणा केला. 'आलो' हा शब्द त्यांनी फोनपुरताच ठेवला. रस्त्यात भेटलेल्या माणसाला ते 'बोंझूर' म्हणतात, आलो म्हणत नाहीत. दार वाजवणं वेगळं आणि दार उघडल्यावर हात जोडणं वेगळं, हे त्यांनी भाषेतच वाटून घेतलंय. आपल्या शासन निर्णयानं नेमकी इथंच गल्लत केली. हॅलो हा दारावरचा टकटकाट आहे. त्याला अर्थ नाही म्हणून त्याच्या जागी स्तोत्र आणून बसवलं.

शिवाय शब्दाच्या पोटातला अर्थ आणि वापरातला अर्थ एक असतो, हेच मुळात खरं नाही. 'गुडबाय' घ्या. तो 'गॉड बी विथ यी', म्हणजे देव तुमच्याजवळ असो, याचा झिजून झिजून झालेला तुकडा आहे. पक्का नास्तिक इंग्रजसुद्धा दिवसातून दहा वेळा ते म्हणतो आणि त्याच्या मनात देव येत नाही. 'सॅल्यूट' लॅटिनमधून आला, मुळात तो आरोग्याची इच्छा करणारा शब्द. आपला 'सलाम' त्याच्याशी कानाला जुळतो, पण त्याचं कूळ अरबी आणि अर्थ शांतीचा. दोघांचं नातं काही नाही. 'मुजरा'ही अरबीतूनच आला आणि महाराजांच्या दरबारात रुजला, त्याला आज कुणी परका म्हणायला धजेल का? 'हाऊ डू यू डू' हा प्रश्न असून त्याला उत्तर द्यायचं नसतं, हे शाळेत शिकताना आपल्याला फार विचित्र वाटतं. आपण मात्र पारावरून जाताना "काय, जेवलात का?" विचारतो आणि उत्तराला न थांबता पुढे जातो. निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. त्या 'येतो'वर विश्वास ठेवून कुणी दाराशी ताटकळत बसत नाही.

आता आपुलकीचं. आपले अभिवादनाचे शब्द अर्थानं भरलेले आहेत हे खरंच. इतके, की ते उच्चारताच बोलणाऱ्याचा अर्धा दाखला हातात येतो. राम कृष्ण हरी म्हटलं की वारकरी. दंडवत प्रणाम म्हटलं की महानुभाव. जय सेवालाल म्हटलं की बंजारा. जय जिजाऊ, जय भीम, जय महाराष्ट्र, जय हिंद, कोण कुठल्या घरातला, कुठल्या पक्षाच्या कार्यालयातला, कुठल्या खात्यातला, ते तुम्ही न विचारता कळतं. जुन्या पत्रांत तर मायन्यातच सगळी उतरंड असायची. वडिलांना तीर्थरूप आणि शिरसाष्टांग, मुलाला चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद, परक्याला स.न.वि.वि. आणि विधवा बाई असली तर पाकिटावरच गं.भा. लिहून पोस्टमनपासून सगळ्यांना जाहीर करायचं. माझ्या आईला वडील गेल्यानंतर तेराव्या दिवशी आलेलं पहिलं पत्र मी तिच्या हातात दिलं होतं. तिनं ते उघडायच्या आधी पाकिटावरचं नाव कितीतरी वेळ पाहिलं. 'सौ.' गेलं होतं. पत्र पाठवणाऱ्यांनी रीत पाळली होती, दुसरं काही नाही.

आणि जो 'नमस्कार' आज आपल्याला सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, त्याचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. पेशवाईत मुंबईचे सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, धोतराचा काच्या ब्राह्मणांसारखा मारू लागले आणि भेटल्यावर 'नमस्कार' म्हणू लागले. नमस्कार म्हणणं हा ब्राह्मणांचा अधिकार समजला जाई. पुण्याकडून तक्रार गेली आणि मुंबईच्या कंपनी सरकारनं १७७९ साली हुकूम काढून सोनारांना नमस्कार म्हणायची मनाई केली. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालच्या, लाहोरला होऊ न शकलेल्या भाषणात हा दाखला दिलेला आहे. एका बाजूला नमस्कार म्हणायची बंदी, तर दुसऱ्या बाजूला महारांनी 'जोहार' म्हणायची सक्ती. चोखोबांनी तो जोहार अभंगात नेऊन विठोबापुढे ठेवला, पण गावच्या वेशीत त्याचा अर्थ होता तोच राहिला. त्या जोहाराच्या जागी 'जय भीम' आलं. त्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिलं जातं, काळ १९३५ च्या आसपासचा. त्याच्यासाठी कुठल्या सरकारनं परिपत्रक काढलं नव्हतं. उलट ते म्हटलं म्हणून मार खाल्लेली माणसं आहेत.

वंदे मातरमचीही तीच गोष्ट. हे गीत ज्या बंगाली कादंबरीत आलं तिचं पुस्तक १८८२ चं, म्हणजे मुंबईच्या एक्स्चेंजच्याच वर्षाचं. मराठवाड्यातल्या माणसाला तर या दोन शब्दांची किंमत सांगायला नको. १९३८ साली निजामाच्या राज्यात वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या आणि औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांना काढून टाकलं. त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला, तेव्हा त्यांचं शिक्षण पुरं झालं. आमच्या गावात त्या पिढीतले एक गुरुजी होते. ते वंदे मातरम् वर्षातून दोनदा म्हणायचे, उभं राहून, सगळी कडवी. त्यांना जर कुणी सांगितलं असतं, की गुरुजी, आता फेरफार कुठे अडलाय ते विचारायला फोन आला तरी उचलून हेच म्हणायचं, तर ते काय म्हणाले असते याची मला चांगली कल्पना आहे. इथं लिहिण्यासारखं नाही.

अर्थ असलेला शब्द सक्तीनं पुढे केला की दुसरा अर्थ असलेला शब्द त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. इथंही राहिला. काँग्रेसनं लगेच जाहीर केलं, की आमचे कार्यकर्ते 'जय बळीराजा' म्हणतील. वंदे मातरम् म्हणायला धर्माच्या कारणानं नको म्हणणारे होतेच. सरकारलाही, सक्ती नाही, असा खुलासा करावा लागला. चार दिवसांत फोन उचलणं ही राजकीय भूमिका होऊन बसली. हॅलोनं दीडशे वर्षांत एवढं भांडण कधी लावलं नव्हतं, कारण त्याच्याकडे भांडायला काही नव्हतंच.

याचा अर्थ इंग्रजीतून आलेलं सगळंच डोक्यावर घ्यावं असं मी म्हणत नाही. माझा निकष साधा आहे. आलेल्या शब्दानं आपल्यातल्या कुणाला उठवून लावलं का? हॅलो नव्या वस्तूबरोबर आला, कुणाची जागा घेतली नाही. 'मॅडम'चं तसं नाही. आमच्या लहानपणी शाळेत 'बाई' होत्या. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, जनाबाई, मुक्ताबाई, सगळा मान त्या दोन अक्षरांत होता. मॅडम आल्या, टीचर आल्या आणि बाई कुठे गेल्या? स्वयंपाकघरात. "आमची बाई आज आलीच नाही" यातली बाई म्हणजे भांडी घासणारी. आज एखाद्या तरुण शिक्षिकेला बाई म्हणा, तिच्या कपाळावर आठी येईल. गुरुजींचं 'सर' झालं, तेही तसंच. सर या शब्दाचं मूळ थोरलेपणात आहे, आणि तो आपण कुणाच्याही नावाला शेपटासारखा लावतो. इंग्लंडात 'सर' हा किताब नावाच्या आधी येतो. आपल्याकडे देशपांडे सर, कांबळे सर, शेख सर. अर्जात 'रिस्पेक्टेड सर' लिहून खाली 'योर्स ओबिडियंटली' अशी सही करणारी मुलं मी अजून पाहते. आज्ञाधारकपणाचं आश्वासन देऊन रजा मागायची! कोर्टातल्या 'माय लॉर्ड'बद्दल बार कौन्सिलनं २००६ मध्येच सांगून टाकलंय, की हे वसाहतीच्या काळाचे अवशेष आहेत, दुसरं काही म्हणा. तरी वकिलांच्या तोंडून ते जात नाही. हे शब्द काढा म्हणून मोहीम निघाली असती तर मी स्वतः वर्ध्याला गेले असते. पण उतरंड सांभाळणारे इंग्रजी शब्द राहिले आणि उतरंड नसलेला एकुलता एक शब्द नेमका डोळ्यांत आला.

काही इंग्रजी अभिवादनांचं तर आपण असं काही करून टाकलंय की मूळ मालकानं ओळखू नये. 'गुड नाईट' हे निरोपाचं असतं, पण रात्री नऊला हॉटेलात शिरताना दारावरचा मुलगा हसून गुड नाईट म्हणतो आणि आपणही आत जातो. गुड मॉर्निंगचं त्याहून भारी. ग्रामस्वच्छतेच्या काळात जिल्हा परिषदेनं जी माणसं पहाटे गावाबाहेर पाठवली, टमरेल घेऊन निघालेल्यांना गाठायला, त्यांचं नाव होतं 'गुड मॉर्निंग पथक'. एखाद्या इंग्रजाला समजावून सांगा, की आमच्याकडे गुड मॉर्निंग आलं म्हटलं की माणसं तुरीच्या शेतात पळायची. पण शब्द आपला झाला म्हणजे असाच होतो. कुणाच्या अनुकरणातून हे होत नाही.

बोर्ड जाऊन आमच्याकडे ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं तेव्हा शेवटच्या रात्रीच्या ड्युटीला मी होते. सकाळी सहाला कॉर्डा काढून गुंडाळल्या. त्यानंतर मी फोनवर हॅलो म्हणते ते इतर कुणीही म्हणतं तसंच.

गेल्या वर्षी, नवऱ्याच्या माघारी, जमिनीच्या वारस नोंदीचं विचारायला एका कार्यालयात फोन लावला. बारा रिंग झाल्या. कुणीतरी उचलून ठणठणीत आवाजात "वंदे मातरम्" म्हणालं. मीही वंदे मातरम् म्हटलं. तेवढ्यात लाइन खरखरली. तिकडून लगेच, "हॅलो? हॅलो? अहो, हॅलो, आवाज येतोय का?"

मी म्हटलं, "येतोय. बोला."

"त्या टेबलचे साहेब मीटिंगला गेलेत," ते म्हणाले. "सोमवारी करा."